वरची ओळ कोरी

अण्णा, तुम्ही गेलात त्याच्या पाचव्या दिवशी मी तुमच्याशी भांडलो. सेंदाईहून ओसाकाला परतताना, शिंकानसेन गाडीत, मनातल्या मनात. शेजारची बाई दचकून बघायला लागली तेव्हा कळलं की मनातल्या मनात नव्हतं. तिला वाकून सॉरी म्हटलं आणि खिडकीकडे तोंड करून उरलेलं भांडण पुरं केलं. तुमची बाजूही मीच मांडली. दर वाक्याआधी श्वास घेऊन बोलायची तुमची ती चाल मला चांगली जमते. शेवटचा शब्द नेहमीसारखा माझा झाला, आणि नेहमीसारखंच जिंकल्यासारखं काही वाटलं नाही.

बाहेर धुकं होतं. भाताची कापलेली शेतं, खांब, खांबांवरच्या तारा. गाडीतून पाहिलं की तारा वर जातात, खाली येतात, परत वर जातात, जणू कुणी झोपेत श्वास घेतंय. त्या तारांतून पत्रं वाहताना तुम्हाला दिसायची, असं तुम्ही एकदा म्हणाला होता. मी म्हटलं होतं, अण्णा, चष्मा बदला.

आपली पहिली भेट अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी चोवीस वर्षांचा, मुंबईच्या एका व्यापारी कंपनीनं ओसाकाला तीन वर्षांसाठी पाठवलेला. इंग्रजी कच्चं, जपानी त्याहून कच्चं, घासाघीस मात्र पक्की. कराडच्या बाजारात बाबांच्या शेजारी कांद्याच्या पोत्यावर बसून शिकलेली. कसल्यातरी सुट्या भागांसाठी कंपनीनं सेंदाईला धाडलं. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, तिथल्या विद्यापीठात एक मराठी गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे भारतातून दोन-तीन दिवसांत पत्र येतं. तेव्हा टपालाला पंधरवडा लागायचा. मला वाटलं, कुणीतरी थापाड्या असणार.

बाहेर उन्हाळा होता आणि तुम्ही स्वेटर घालून बसला होता. यंत्र गरम होऊ नये म्हणून खोली गार ठेवलेली. कॉम्प्युटरचं ते कपाटाएवढं यंत्र, त्याची एकसुरी घुं घुं, आणि त्याच्यावर चिकटपट्टी लावून इंग्रजीत लिहिलेलं नाव: दापोली. अशा यंत्रांना एकमेकांना ओळखायला नावं लागतात, तुम्ही म्हणालात. शेजारच्या प्रयोगशाळेनं माशांची ठेवलीत, मी गावाचं ठेवलं. तुमचे जपानी विद्यार्थी त्याला 'दापोरी' म्हणायचे.

मग तुम्ही मला वाट समजावून सांगितलीत. आज लोक ज्याला ई-मेल म्हणतात आणि इतक्या सहज बोटानं ढकलून देतात, त्या पत्राला तेव्हा वाट लिहून द्यावी लागे. पुण्याचं यंत्र, मग मुंबईचं, मग युरोपातलं एक, अमेरिकेतलं एक, मग तोक्यो आणि शेवटी दापोली. ठरल्या वेळी एक यंत्र पुढच्या यंत्राला फोन करी, जवळची पत्रं त्याच्या हवाली करी आणि फोन ठेवी. पुढचं यंत्र ती सांभाळून ठेवी, त्याची स्वतःची फोनची वेळ होईपर्यंत.

"म्हणजे माझ्या भावाचं पत्र अमेरिकेत डुलकी काढून येणार," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. मला लगेच कळलं की हा माणूस व्यवहारात कच्चा आहे. पहिल्याच भेटीत इतकं मोकळं हसणारा गिऱ्हाईक सांभाळू शकत नाही. मी विचारलं, याचं किती घेता? तुम्ही म्हणालात, काही नाही. मग ते युरोपवाले, अमेरिकावाले माझ्या भावाचं पत्र का वाहतात? तुम्ही म्हणालात, आपणही त्यांची वाहतो.

"कुणाची?"

"माहीत नाही, कदमसान. आम्ही बघत नाही."

जे फुकट असतं त्यात खोट असते, हे बाबांचं ठाम मत. मी महिनाभर त्या खोटेची वाट पाहिली. ती काही सापडली नाही. सापडला तो तुमचा रिवाज. पुण्यात विश्वासचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा, एक मित्र एका संस्थेत कामाला होता. विश्वास त्याच्याकडे जाऊन इंग्रजी अक्षरांत मराठी पत्र टाइप करवायचा आणि पत्राच्या वरच्या ओळीत, जिथं विषय लिहितात तिथं, लिहायचा: ओसाका, कदम. दापोलीत पत्र उतरलं की तुम्ही फक्त ती वरची ओळ वाचायचात. मग छापायला लावायचात. त्या कागदाच्या दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असत. त्या फाडायच्या आणि खिडकीबाहेर बघत पत्राची घडी घालायची, मजकूर आत. वर तारेची पिन. मग वहीतून त्या माणसाचा पत्ता काढून पाकिटावर घालायचा, स्वतःच्या पैशानं तिकीट लावायचं आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकायचं. तेव्हाच्या जपानात मराठी माणसं मोजकीच, आणि ती सगळी तुमच्या त्या वहीत. फाडलेल्या पट्ट्यांच्या तुमची लेक मीरा माळा करायची. चार वर्षांची असेल. एकदा तिनं ती माळ माझ्या गळ्यात घातली आणि जपानीत काहीतरी विचारलं. तुम्ही सांगितलंत, "विचारतेय, हे काका कायम रागात का असतात."

खरं म्हणजे खासगी पत्रांसाठी ती वाट नव्हतीच. ती संशोधनासाठी होती. तुमच्या प्रोफेसरांनी डोळेझाक केली होती, एवढंच. म्हणून तुम्ही स्वतःला एक बंधन घालून घेतलं होतं: वाहायचं, वाचायचं नाही. वाट आपल्या मालकीची नाही, तिच्यावरून जाणाऱ्याच्या पिशवीत डोकावायचं नाही. मला तेव्हा ते आवडलं होतं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं मी ते कधीच कबूल केलं नाही.

तीन वर्षं पुरी व्हायच्या आत माझं साहेबाशी वाजलं. चूक कुणाची ते आता सोडा. मी राजीनामा त्याच्या टेबलावर आपटला, कंपनीची खोली सोडली आणि ओसाकात एका सायकलच्या दुकानाच्या वर पोटमाळा घेतला. कंपन्यांनी टाकून दिलेली यंत्रं घ्यायची, दुरुस्त करायची आणि बाहेरच्या देशांत विकायची, हा माझा धंदा त्या पोटमाळ्यावर सुरू झाला. माझा नवा पत्ता साऱ्या जपानात एकट्या तुमच्याकडे होता.

दोन महिन्यांनी बाबांना झटका आला. विश्वासनं कंपनीला ट्रंक कॉल लावला. त्यांनी सांगितलं, कदम इथं नाहीत, कुठं आहेत माहीत नाही. मग त्याला तुमची आठवण झाली. तो मित्राकडे धावला. पत्र लिहिलं, पाठवलं, आणि कराडची एसटी पकडली. घाईत वरची ओळ कोरी राहिली.

दापोलीत ते पत्र उतरलं तेव्हा त्याच्यावर नाव नव्हतं. खाली मजकूर होता. तुम्ही मान खाली घातली असती तर पहिल्याच ओळीत दिसलं असतं: दादा, मी विश्वास. तुम्हाला विश्वास माहीत होता, कराड माहीत होतं. तुम्ही मान खाली घातली नाहीत. तुम्ही त्याच वाटेनं उलट निरोप पाठवलात, की पत्र कुणासाठी आहे ते वर लिहून परत पाठवावं. तो निरोप अमेरिका, युरोप, मुंबई करत पुण्याच्या त्या मित्रापाशी पोचला आणि पडून राहिला, कारण मित्र रजेवर होता आणि विश्वास कराडच्या दवाखान्यात बाबांच्या उशाशी होता. मित्र परतल्यावर त्यानं स्वतःच वर नाव लिहून पत्र पुन्हा धाडलं. मला ते नवव्या दिवशी मिळालं. बाबा सहाव्या दिवशी गेले होते.

मी सेंदाईला आलो तो तुम्हाला मारायलाच. तुमच्या विद्यार्थ्यांसमोर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यातला एक बिचारा, एक अक्षर न कळता, मला वाकून माफी मागत राहिला. मी यंत्राला लाथ घातली. तुम्ही उभे होता. एकच वाक्य बोललात.

"तुमचं वाचलं असतं, तर उद्या कुणाचंही वाचलं असतं."

त्यावर मी म्हटलं, "माझा बाप तुमच्या त्या 'उद्या'त नव्हता."

इथून आपलं भांडण सुरू झालं, ते तीस वर्षांहून जास्त चाललं. लोकांना वाटायचं आपण मित्र आहोत. होतोच. दर वर्षी एकदा तरी भेटायचो, कधी तुमच्याकडे, कधी तोक्योत एदोगावातल्या गणपतीला, जिथं हॉलच्या कोपऱ्यात दोन म्हातारे आरतीनंतर तेच ते उगाळत बसलेले सगळ्यांना पाठ झाले होते. मी म्हणायचो, नियम माणसासाठी असतो. तुम्ही म्हणायचा, म्हणून तर. मी म्हणायचो, म्हणून तर काय? तुम्ही प्रसादाची द्रोणवाटी निरखत बसायचा. पुढं पुढं मी नवा दारूगोळा आणायला लागलो. म्हटलं, बघा, आता सगळं जग फुकट पत्रं पाठवतं आणि प्रत्येक पत्र कुठलंतरी यंत्र वाचतं, आणि मग मला गुडघेदुखीचा बाम विकायला येतं. तुमच्या त्या न वाचण्याचं झालं काय शेवटी? तुम्ही म्हणालात, "बाम लागू पडला का?" आजूबाजूची पोरं हसली. मी तीन महिने फोन केला नाही.

आणि विश्वास. त्याला वाटतं चूक त्याची. अजून मला मोबाइलवर मेसेज करतो तेव्हा आधी वर 'दादास' लिहितो, मग मजकूर. अहो, दोन ओळींचा मेसेज, पाऊस आहे का विचारणारा, आणि वर 'दादास'. मी त्याला कधी म्हटलं नाही की चूक तुझी. तुझी नव्हे, असंही कधी म्हटलं नाही.

तुमच्या अंत्यसंस्काराच्या तयारीत मी पुन्हा इज्जत घालवली, हे तुम्हाला सांगायलाच हवं. अंत्यविधीचं बघणाऱ्या त्या काळ्या सुटातल्या माणसानं फुलांचं पुस्तक पुढं केलं आणि माझी सवय जागी झाली. मी म्हटलं, ही शेवंती चित्रातच दोन दिवसांची वाटते, भाव कमी करा. मीरा, आता चाळिशीकडे झुकलेली, माझ्या कानाशी जपानीत म्हणाली, ओजिसान, यामेते. काका, पुरे करा. शैलावहिनी मात्र तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. म्हणाल्या, करू दे गं, ह्यांना आवडलं असतं.

सगळं उरकल्यावर वहिनींनी चहा टाकला. खिडकीबाहेर सेंदाईची ती उंच झाडं पानं ढाळत होती, एकेक, घाई न करता. मला झोप आल्यासारखं होत होतं. त्या झापडीत मला तुमची ती गार खोली दिसली. तुम्ही घडी घालत होता, खिडकीबाहेर बघत, आणि कागदातून अक्षरं झिरपून तुमच्या बोटांवर येत होती, नि तुम्हाला पत्ताच नव्हता. मी वहिनींना म्हटलं, तेवढं एक पत्र त्यांनी वाचायला हवं होतं.

वहिनींनी कप खाली ठेवला. "भावजी, त्यांनी वाचलं होतं. तुमचं नाही. त्यानंतरचं."

मग त्यांनी जे सांगितलं ते तुम्हाला ठाऊक आहे. मलाच ते तीस वर्षांनी कळत होतं. बाबा गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी तसंच एक पत्र आलं. वरची ओळ कोरी. तुम्ही सकाळभर त्याच्यासमोर बसलात. मग वाचलंत, अथपासून इतिपर्यंत. एका आईनं जपानातल्या लेकीला लिहिलेलं होतं. लेकीनं नवऱ्यापासून लपवलेलं काहीतरी त्यात होतं. काय, ते तुम्ही वहिनींनाही सांगितलं नाहीत. नाव कळलं, पत्ता कळला, पत्र त्या दिवशीच गेलं. आणि दिवाळीला ती दोघं तुमच्याकडे जेवायला आली. तुम्ही जेवणभर मान वर केली नाहीत. ती बाई निघताना वहिनींना म्हणाली, तुमचे मिस्टर फार अबोल आहेत हो.

"पुढच्याच आठवड्यात पत्रं बंद केली," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांना सांगितलं, विद्यापीठानं मनाई केली. विद्यापीठ कशाला मनाई करतंय. ह्यांनीच केली."

मला तेव्हा तुमचं ते मनाईचं पोस्टकार्ड आलं होतं, आणि मी म्हटलं होतं, बरं झालं.

म्हणजे अण्णा, माझं म्हणणं तुम्ही तेव्हाच मान्य केलं होतंत. मान्य करून, ते वागून बघून, त्याची झळ सोसून मोकळे झाला होता. आणि मला पुढं तीस वर्षं तुमच्याच अंगणात ओरडू दिलंत. मी इतका संतापलो की वहिनींच्या चहाला हात लावला नाही. विचारलं, मला का नाही सांगितलं? त्यांनी गार होत चाललेला कप माझ्यापुढं सरकवला.

"मी एकदा म्हटलं त्यांना, सांगून टाका त्या कदमभावजींना. तर म्हणाले, माझ्याशी भांडतोय तोवर बरा आहे गं. माझ्याशी भांडण संपलं तर कुणाशी भांडेल तो?"

गाडीतलं माझं भांडण ह्यावरून होतं.

एक गोष्ट मी वर लिहिली नाही. लिहिताना बाजूनं गेलो. सौद्यात जाता येतं तसं. कंपनी सोडल्यावर मी नवा पत्ता तुम्हाला दिला, तेव्हा वहीत लिहिणारा तुमचा हात धरला होता आणि म्हटलं होतं, घरी कळवू नका. विश्वासला तर नकोच. बाबांनी बाजारभर सांगितलं होतं की पोरगा जपानात साहेब आहे. पोटमाळ्यावर बसून जुनी यंत्रं उघडतोय, हे त्यांच्या कानावर मला जाऊ द्यायचं नव्हतं. धंदा उभा राहिला की सांगेन, म्हटलं होतं. त्या दोन महिन्यांत विश्वासची दोन पत्रं तुम्ही पोटमाळ्यावर पाठवलीत. मी एकालाही उत्तर दिलं नाही.

घरी पत्ता असता तर तार आली असती. सायकलच्या दुकानात फोन होता. तार, फोन, काहीही. वरची ओळ कोरी असती नाहीतर भरलेली, तिच्यावर कुणाचं जगणं-मरणं टांगलेलं राहिलं नसतं.

हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. यंत्राला लाथ घातली तेव्हा माहीत होतं. गणपतीच्या हॉलमध्ये पोरं हसत होती तेव्हा माहीत होतं. मी आयुष्यभर समोरच्याच्या हातात काय आहे ते ओळखून पोट भरलं, आणि तुमच्या हातात काय आहे ते मला दर भेटीत दिसत होतं. तुम्ही फक्त विचारायचं होतं, 'कदमसान, घरी पत्ता का दिला नव्हता?' तिथंच माझं दुकान बंद. मी प्रत्येक वेळी आवाज चढवायचो तो तुम्ही ते विचाराल ह्या भीतीनं. तुम्ही श्वास घ्यायचा, मला वाटायचं आता येतं, आणि तुम्ही द्रोणवाटीकडे बघायचा.

एवढ्या वर्षांत कुणी माझ्याशी इतका तोट्याचा व्यवहार केला नाही. आणि तुमचे आभार मानायचे तर तेही भांडल्यासारखंच होतंय, ते चालवून घ्या.

काल सकाळी ओसाकात ऊन पडलं होतं. दुकानात पोरं यंत्रं पुसत होती. मी आतल्या खोलीत जाऊन कराडला विश्वासला फोन लावला. तुम्ही गेल्याचं त्याला आधीच कळवलं होतं. त्याला वाटलं, त्याविषयीच बोलतोय. मी म्हटलं, चूक तुझी नव्हती. तो म्हणाला, दादा, जाऊ दे आता, माणूस गेला. मी म्हटलं, ऐक. आणि सांगितलं. राजीनामा, पोटमाळा, तुमचा धरलेला हात, 'घरी कळवू नका', सगळं. कुठंही बाजूनं न जाता.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आई जाईपर्यंत मी तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकलो नाही, दादा. तिला वाटायचं, मी तिच्यावर रागावलोय."

अण्णा, शेवटचा शब्द मी त्याचा राहू दिला. मी फोन कानाला धरून बसून राहिलो. त्यानंही ठेवला नाही.